डबा परत करताना

अनिल परचुरेने कळवलेल्या वेळेवर मंडळात कुणाचाच विश्वास नव्हता, आणि त्याला दुसरं कुणी नाही, स्वतः अनिलच जबाबदार होता. गणपती असो, दिवाळी असो, कार्यक्रम पाचला सुरू करायचा असला की हा पठ्ठ्या निमंत्रणात चार लिहायचा. एकोणीस वर्षं मंडळाचा सेक्रेटरी! लोक तासभर उशिरा येतात म्हणून हा तासभर आधीची वेळ कळवतो, आणि हा आधीची वेळ कळवतो म्हणून लोक तासभर उशिरा येतात. सुरुवात कुणी केली, याचा निकाल आता ब्रह्मदेवालाही लावता यायचा नाही. पण गाडं छान चाललं होतं. कार्यक्रम बरोबर पाचला सुरू व्हायचा. चारला हॉलवर हजर असायच्या फक्त मालिनीताई, कारण त्यांना वडे तळायचे असायचे.

मालिनीताई बोडस. वय चौऱ्याहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, आणि मंडळाचं स्वयंपाकघर गेली एकतीस वर्षं त्यांच्या ताब्यात. आभारप्रदर्शनात त्यांचं नाव कधी यायचं नाही. 'भोजनव्यवस्था पाहणाऱ्या सर्वांचे आभार' एवढं एक वाक्य यायचं, आणि ते होईपर्यंत लोक पानांवर बसलेले असायचे.

तर झालं असं, की न्यू जर्सीतल्या त्यांच्या टाऊनशिपने, पार्सिपनीच्या शेजारचंच गाव ते, मे महिना 'मराठी वारसा महिना' म्हणून जाहीर करायचं ठरवलं. आपोआप नाही ठरवलं हो! अनिल त्यासाठी दोन वर्षं टाऊन हॉलचे उंबरठे झिजवत होता. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, याने पत्रं लिहिली. गावात मराठी घरं किती, शाळेत मुलं किती, हॉस्पिटलात डॉक्टर किती, सगळं कागदोपत्री मांडलं. शेवटी टाऊन क्लार्कबाईंची ईमेल आली: टाऊन कौन्सिलच्या एप्रिलमधल्या शेवटच्या मीटिंगमध्ये जाहीरनामा वाचला जाईल. मजकूर तुम्हीच पाठवा. मीटिंग सातला सुरू होते आणि तुमचा विषय पहिला आहे. मंडळाचा प्रतिनिधी हजर हवा, नसेल तर विषय पुढे ढकलला जाईल. पुढची मीटिंग मेच्या मध्यावर, म्हणजे महिना अर्धा संपल्यावर. थोडक्यात, यंदाचा मे हुकला तर वर्षभर थांबा. आणि ईमेलच्या तळाला एक ओळ होती, की मेयर किंवा कौन्सिलचे सदस्य भेटवस्तू स्वीकारत नाहीत.

मजकुरावरून एक भांडण झालं. म्हणजे भांडण केलं अनिलनेच. मंडळाचा अध्यक्ष ऋषी, नागपूरचा, आयटीवाला, वयाने निम्मा. त्याने मसुद्यात एक ओळ घातली होती: 'ज्याअर्थी श्रीमती मालिनी बोडस गेली चाळीस वर्षं या गावात नव्याने आलेल्या कुटुंबांच्या दारात पहिलं जेवण पोचवत आहेत...'

अनिलने ती ओळ उडवली.

"काका, पण खरं आहे ना ते!" ऋषी म्हणाला. "मी आलो तेव्हा दुसऱ्याच दिवशी डबा आला होता. वरणभात, तूप, लिंबाची फोड. मी तर रडलो होतो यार."

"खरं आहे, कुणी नाही म्हणतंय? मलाही आला होता," अनिल म्हणाला. "पण वीस-बावीस वर्षं ऑफिसात मला एकच प्रश्न विचारत होते लोक. बायको करी कशी करते? माझ्या नावावर चार पेटंट आहेत, त्याबद्दल एकाने विचारलं नाही. आता सरकारी कागदावर आपलं नाव लागतंय, तर तिथेही खाणंच? आपण इथे खानावळ काढायला आलो होतो का?"

अनिलकाका चिडले की गप्प बसायचं, हे मंडळात सगळ्यांना शिकवलेलं असतं. जाहीरनाम्यात इंजिनियर राहिले, डॉक्टर राहिले, पेटंटं राहिली, आणि डबा गेला.

मीटिंगच्या दिवशी अनिल सहालाच टाऊन हॉलवर पोचला, बायकोला, संध्याला, घेऊन. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने आठवडाभर बजावलं होतं: सात म्हणजे सात, हे अमेरिकन सरकार आहे, आपलं मंडळ नाही. एकशेबारा लोकांनी होकाराचा अंगठा टाकला होता. लॉबीत मालिनीताई आधीच आलेल्या. शेजारणीने सोडलं होतं त्यांना. टेबलावर कागद अंथरून वड्यांचे ट्रे, चटणीचं भांडं, पेपर नॅपकिन, सगळं मांडून झालं होतं.

"अनिल, शाल आणलीस ना?" त्यांनी विचारलं.

शाल आणि नारळ डायनिंग टेबलवर राहिले होते. मेयरबाईंचा सत्कार करायचा होता. मंडळाच्या सगळ्या शाली मालिनीताईच पुण्याहून आणायच्या, ही मोरपंखी त्यांनी मुद्दाम निवडलेली होती.

"अहो, त्यांना गिफ्ट चालत नाही म्हणे. ईमेलमध्येच आहे," संध्या म्हणाली.

"शाल म्हणजे काय गिफ्ट आहे? तो सत्कार आहे!" अनिल म्हणाला. "चल, वीस मिनिटांचं काम आहे. मालिनीताई, आलोच हं."

आता बोला! दोन वर्षं ज्याने एकेक स्वल्पविराम तपासला, तो माणूस ऐन वेळी शालीसाठी घरी निघाला. पण शाल-श्रीफळाशिवाय सत्कार म्हणजे काय, हे मराठी माणसालाच कळतं. तो तोंडी नुसतं थँक्यू म्हणून मोकळा होऊच शकत नाही.

शाल मिळाली. नारळ मिळाला. परत येताना रूट शेहेचाळीसवर पुढे कुठेतरी दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सगळा रस्ता जागच्या जागी थांबला. सहा पन्नास झाले, सहा पंचावन्न झाले. अनिलने ऋषीला फोन लावला.

"काका, निघतोच आहे," ऋषी म्हणाला. "एक कॉल संपवतो आणि निघतो. आठला आहे ना?"

"सातला! सात लिहिलंय ना मी!"

"हो, पण तुमचे सात म्हणजे..." ऋषी थांबला. "काका, खरेच सात होते का?"

अनिलने ग्रुप उघडला. फोटोंचा पाऊस पडत होता. कुणी पैठणीची घडी मोडत होतं, कुणी फेटा बांधून घेत होतं. 'साडेसातला निघतोय!' 'आम्ही पण!' एकशेबारा माणसं आपापल्या घरी, निवांत, आरशासमोर. एकोणीस वर्षांचं पेरलेलं असं एका संध्याकाळी उगवलं होतं.

त्याने क्लार्कबाईंना फोन लावला. रेकॉर्डेड आवाज आला, की मीटिंग सुरू आहे.

"लाइव्ह दाखवतात ना ती?" संध्या स्टीअरिंगवर हात ठेवून म्हणाली. "बघा तरी."

फोनच्या पडद्यावर कौन्सिलची खोली दिसली. मेयरबाई, सहा सदस्य, समोर रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा. झेंड्याला वंदन झालं. मेयरबाईंनी चष्मा लावून जाहीरनामा वाचला. अनिलने लिहिलेला शब्द न् शब्द. ज्याअर्थी हे, ज्याअर्थी ते, त्याअर्थी मे महिना. किती सुंदर वाचला हो! आणि ऐकायला एक मराठी माणूस खोलीत नव्हता. मग त्या मान वर करून म्हणाल्या, "स्वीकारायला कोण आलं आहे?"

कुणी हललं नाही.

"क्लार्क, प्रतिनिधी आहेत का? नसतील तर आपल्याला विषय पुढे ढकलावा लागेल."

"गेलं," अनिल म्हणाला. "संध्या, गेलं सगळं. माझ्या मूर्खपणाने गेलं."

क्लार्कबाई उठून बाहेर गेल्या. पडद्यावर नुसती खोली. मग दार उघडलं आणि त्यांच्यामागून मालिनीताई आत आल्या. साडीवर एप्रन, हातात नॅपकिनचा गठ्ठा.

"नो, नो," त्या हात हलवत म्हणाल्या. "आय अ‍ॅम ओन्ली किचन. अनिल इज कमिंग."

"मॅडम, आम्हाला थांबता येणार नाही," मेयरबाई मऊपणे म्हणाल्या. "कुणी स्वीकारलं नाही तर आज हे पोस्टपोन होईल."

पोस्टपोन हा शब्द मालिनीताईंना चांगला ठाऊक होता. त्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या.

"जा!" अनिल फोनवर ओरडला. "मालिनीताई, जा पुढे! घ्या तो कागद!"

"अहो, त्यांना ऐकू जाणार आहे का!" संध्या म्हणाली, पण तीही पुढे वाकली होती. मागच्या गाडीने हॉर्न मारला. रस्ता जरा मोकळा झाला होता, आणि हिचं लक्षच नव्हतं.

मालिनीताईंनी नॅपकिन खुर्चीवर ठेवले. एप्रन सोडला, त्याची नीट चौघडी घातली, तोही ठेवला. एकतीस वर्षांत जी बाई एकदाही माइकसमोर गेली नव्हती, ती चालत पुढे गेली, जाहीरनामा दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. अनिलच्या तोंडून हुंदकाच फुटला. मे महिना वाचला होता.

"दोन शब्द बोलाल?" मेयरबाईंनी माइककडे बोट दाखवलं. "तीन मिनिटं आहेत."

मालिनीताईंचं इंग्रजी शाळेतलं कमी आणि शेजारपाजारचं जास्त. पण त्या घाबरल्या नाहीत. सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलल्या.

"हा कागद अनिल परचुरे यांनी लिहिला. दोन वर्षं लिहिला. आज ते ट्रॅफिकमध्ये असतील, नाहीतर त्यांना उशीर होत नाही. त्यांचं नाव लिहून घ्या." क्लार्कबाईंनी लिहून घेतलं. "मी एकोणीसशे ब्याऐंशीत या गावात आले. जानेवारी होता. नवरा कामावर, मी घरात एकटी, बाहेर एवढा बर्फ. तिसऱ्या दिवशी दार वाजलं. शेजारची रोझमेरी. हातात काचेचं भांडं, त्यात मॅकरोनी. दुकानात विचारून आली होती, की इंडियन लोक मांस खात नाहीत का. मीठ कमी होतं त्यात."

सदस्य हसले.

"पण मी रडत रडत सगळं खाल्लं. मग भांडं परत द्यायचं होतं. आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. मी शिरा केला आणि दिला. तिला वाटलं, आता हे परत रिकामं कसं द्यायचं? तिने कुकीज दिल्या. मी चकल्या दिल्या. असं तीन वर्षं ते भांडं रस्ता ओलांडत होतं." त्या थांबल्या. "मग रोझमेरी गेली. तेव्हा भांडं माझ्याकडे होतं. पाळी माझी होती. आता ते कुणाला परत करणार? म्हणून या गावात जो नवा येईल, त्याला मी डबा देते. मराठी असो, कुणी असो. मी रोझमेरीचं भांडं परत करते आहे."

मागचे हॉर्न वाढले तशी संध्याने गाडी कडेला घेतली होती.

एक सदस्य, पन्नाशीचे कोरियन गृहस्थ, आपल्या माइककडे वाकले. "स्टीलचा, कडी असलेला डबा? ओक स्ट्रीटवर, दोन हजार एक साली? माझ्या आईने त्यात किमची भरून परत केला होता."

"तुमची आई!" मालिनीताई उजळल्या. "हो तर! माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं होतं. पण वरणाबरोबर छान लागली. आई कशी आहे?"

"बरी आहे. नव्वदीची आहे."

"उद्या येते भेटायला." त्यांनी हे माइकमध्येच सांगून टाकलं. समोर वेळ संपल्याचा लाल दिवा लागला होता, पण मेयरबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "काही डबे परत आले नाहीत. चालायचंच, नवीन घरात भांडी कमी असतात, कुणाच्या तरी उपयोगी पडत असतील. थँक्यू. बाहेर वडे आहेत. गार व्हायच्या आत खा."

संध्याने हळूच अनिलकडे पाहिलं. दोघांनाही एकच डबा आठवला होता. जानेवारी नव्व्याण्णव. सहा महिन्यांची मुलगी, घरात एक गादी आणि दोन सुटकेसा. दारात हीच बाई, बर्फात, हातात डबा. संध्याने तो परत करायला लाडू वळले होते, पण तोवर अनिलने पाळणा जोडताना सगळे स्क्रू त्यात ओतले होते. मग तो डबा गराजमधल्या फळीवर गेला, आणि सव्वीस वर्षं तिथेच होता.

"मी त्यांची ओळ काढली, संध्या," अनिल म्हणाला. "आणि त्यांनी पहिलं नाव घेतलं ते माझं. चार पेटंट घेऊन मी काय केलं गं? सव्वीस वर्षांत एक डबा परत केला नाही."

"आता रडत बसू नका," संध्या म्हणाली. तिने गाडी हलवली. "बोला जाऊन तिथे. लोकांना बोलायला वेळ असतो ना शेवटी?"

असतो. मीटिंगच्या शेवटी गावातला कुणीही उभा राहून तीन मिनिटं बोलू शकतो, आणि त्याचं नाव, पत्ता आणि म्हणणं सरकारी इतिवृत्तात जातं. हे अनिलइतकं चांगलं कुणाला माहीत असणार?

ते पोचले तेव्हा सांडपाण्याच्या पाइपांवर चर्चा चालली होती. आठच्या ठोक्याला मंडळ आलं. फेटे, नथी, पैठण्या, शंभरेक माणसं. आत येऊन बघतात तर पाइप! ऋषीने अनिलकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पण उठून जायची कुणाची छाती नव्हती, कारण अनिलकाका दारापाशी बसले होते. तासभर एवढं नटूनथटून एवढ्या शांतपणे सांडपाणी ऐकणारा श्रोतृवर्ग त्या कौन्सिलला आधी मिळाला नसेल.

मालिनीताई मागच्या रांगेत बसल्या होत्या, जाहीरनामा मांडीवर ठेवून.

शेवटी मेयरबाईंनी विचारलं, कुणाला बोलायचं आहे का. अनिल उठला. खिशात चार पानी भाषण होतं, ते त्याने बाहेर काढलंच नाही. शालही गाडीतच राहिली होती, नारळासकट.

"अनिल परचुरे," त्याने नाव सांगितलं, पत्ता सांगितला. "आजच्या जाहीरनाम्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. पण त्यात एक वाक्य कमी आहे. ते आमच्या अध्यक्षाने लिहिलं होतं, मी काढलं. मला वाटलं होतं की जेवण हा काही वारसा नाही. मी चुकलो. ते वाक्य इतिवृत्तात यावं अशी माझी विनंती आहे." आणि त्याने ते म्हटलं, पाठच होतं त्याला, खोडलेलं वाक्य माणूस सहसा विसरत नाही. "ज्याअर्थी श्रीमती मालिनी बोडस गेली चाळीस वर्षं या गावात नव्याने आलेल्या कुटुंबांच्या दारात पहिलं जेवण पोचवत आहेत." मग तो मागे वळला आणि मराठीत म्हणाला, "मालिनीताई, हे मी आधीच म्हणायला हवं होतं. चुकलं माझं."

शंभर माणसं उभी राहिली. अशा मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायच्या असतात की नाही, कुणाला ठाऊक! मेयरबाईही उभ्या राहून वाजवत होत्या. मालिनीताईंनी तोंडाला पदर लावला, आणि शेजारी बसलेल्या संध्याला म्हणाल्या, "अगं, वडे गरम करायला हवेत. कुणी मायक्रोवेव्ह दाखवेल का?"

तीन आठवड्यांनी इतिवृत्त मंजूर झालं. अनिलने टाऊन हॉलमधून शिक्क्याची प्रत आणली. मग गराजमध्ये गेला, फळीवरून डबा काढला, स्क्रू दुसरीकडे ओतले, आणि अर्धा तास डबा घासत बसला. तळाला गंजाचे दोन ठिपके राहिले, ते काही निघेनात. संध्याने लाडू वळायची तयारी दाखवली.

"नको," तो म्हणाला. "मी करतो."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने शिरा केला. गुठळ्या झाल्या, एका बाजूने लागला. तोच भरला, वर इतिवृत्ताची घडी ठेवली, आणि डबा घेऊन मालिनीताईंच्या दारात उभा राहिला.

त्यांनी डबा लगेच ओळखला. स्वयंपाकघरात नेऊन झाकण उघडलं, कागद चष्मा लावून वाचला. ओठ हलत होते. आपल्या नावापाशी बोट ठेवून जरा थांबल्या. मग तो कागद कपाटात ठेवला, तिथे एक काचेचं जुनं भांडं होतं, त्याच्या आत. चमच्याने शिरा खाल्ला.

"लागलाय," त्या म्हणाल्या.

"हो, माहितीये."

"पण साखर बरोबर आहे हो." दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला, उरलेला शिरा वाटीत काढला. मग डबा धुतला, पुसला, आणि शेगडीवरच्या पातेल्यातून वरणभात भरायला घेतला.

"मालिनीताई, अहो, मी डबा परत करायला आलोय!"

"मग? रिकामा नेणार आहेस का?" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी वर लिंबाची फोड ठेवली.

अनिल गाडीत बसला तेव्हा डबा मांडीला चटके देत होता. त्याने तो बाजूच्या सीटवर ठेवला, सीटबेल्ट लावून दिला, आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.